तीन इंच पाणी

ओपल ड्रिगर्स आपल्या बोटीची दोरी कुणाच्या हातात देत नसे. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या किनाऱ्याआडून जो जलमार्ग जातो, त्याच्यावरून दर हिवाळ्यात दक्षिणेला आणि दर वसंतात उत्तरेला जाणाऱ्या एकूण एक माणसाला हे ठाऊक होतं. तिथली रीत अशी, की बोट धक्क्याकडे येताना दिसली की धक्क्यावर जो कुणी असेल त्याने हातातला पेला खाली ठेवायचा, पुढे व्हायचं आणि हात पसरायचे. बोटीवरच्याने दोरी फेकायची, धक्क्यावरच्याने झेलून खुंटाला बांधायची. दोरी धरली की ओळख झाली. मग संध्याकाळी एकमेकांच्या बोटीवर खाणंपिणं, सकाळी रेडिओवर हाका, आणि पुढच्या वर्षी शंभर कोसांवर गाठ पडली तरी सख्खा भाऊ भेटल्यासारखी गळामिठी. ओपल मात्र धक्का पन्नास हातांवर आला की तिथूनच सांगायची, "नको, थँक्यू. माझी मी बांधते."

लोकांनी तिला नावच ठेवलं होतं, नकोबाई. तोंडावर मात्र सगळे तिला 'युला मे' म्हणत, कारण ते तिच्या बोटीचं नाव होतं, आणि या पाण्यावर माणसाला त्याच्या बोटीच्या नावानेच हाक मारतात. खरं नाव विचारायचं कुणाला सुचतही नाही. युला मे ही ओपलची आई. म्हणजे बारा वर्षं ओपल आईच्या नावाला ओ देत होती.

तिच्या नकाराला कारण होतं. बोट घेतली त्या पहिल्याच आठवड्यात एका उत्साही गृहस्थाने तिची दोरी झेलली आणि बोट चालती असतानाच खुंटाला आवळून टाकली. बोट गर्रकन फिरली आणि ओपलचा डावा हात कठडा आणि खांब यांच्यामध्ये सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मधल्या पेरापासून गेली. गृहस्थ रडला, दवाखान्यात फुलं घेऊन आला. ओपलने त्याला माफ केलं, फुलंही ठेवून घेतली, पण दोरी संपली ती संपलीच.

मुळात तिचा स्वभावच तसा. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली आणि एकतीस वर्षांत बसची किल्ली दुसऱ्या माणसाला दिली नाही. लग्न केलं होतं, ते दोन वर्षं टिकलं. का मोडलं असं कुणी विचारलं तर म्हणायची, "त्याला गाडी चालवायची हौस होती." निवृत्त झाल्यावर घर विकून तिने कालवं काढणाऱ्यांची एक जुनी बोट घेतली, अठ्ठावीस फुटी, सपाट तळाची, अडीच फूट पाण्यात खुशाल तरंगणारी. तिच्यावर लाकडी खोली चढवली, चूल बसवली, आईचं शिवणाचं मशीन आणलं. तेच घर. दुसरं घर नव्हतंच.

आणि बाई पाण्यात हुशार होती, हे मान्य करायलाच हवं. तिथे भरती-ओहोटीत आठ-आठ फुटांचा फरक. सकाळी जिथून बोट जाते तिथे दुपारी पक्षी चालतात. त्या मार्गावर रुतला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, पण ओपलच्या बोटीचा तळ बारा वर्षांत एकदाही जमिनीला लागला नव्हता. दुसरं कुणी रुतलं की हिला चेव यायचा. दोन वर्षांपूर्वी 'जॉली टाईम' नावाच्या बोटीवरचा एक म्हातारा वाळूत अडकला आणि रेडिओवर मदत मागू लागला, तेव्हा साऱ्या मार्गाला ऐकू जाईल अशी ही म्हणाली होती, "पाणी किती आहे ते बगळ्याला विचारायचं होतंस. त्याला पोटऱ्यांपर्यंत येत असेल तर तुला पुरत नाही." लोक चार दिवस हसत होते. म्हातारा हसला नव्हता.

गर्वाचं घर खाली म्हणतात, ते असं.

नोव्हेंबरमधली पौर्णिमा होती, वर्षातलं मोठं उधाण. त्यात तीन दिवस ईशान्येचा वारा समुद्राचं पाणी खाड्यांत कोंबत होता. सकाळी नऊच्या सुमाराला ओपल टाबी खाडीच्या वळणाला आली. ते वळण तिच्या सरावाचं. गवताची कड उजव्या हाताला पन्नास हात ठेवायची आणि वळण आतून कापायचं, असं ती प्रत्येक वर्षी करी. पण त्या दिवशी गवताला कडच नव्हती. कमरेएवढं उंच खाजणातलं गवत शेंड्यापर्यंत बुडालं होतं आणि डोळा पोचेल तिथवर एकच पाणी, सपाट, चकचकीत, आभाळ त्याच्यात उतरलेलं. ओपलने गेली बारा वर्षं ही खाडी पाहिली होती, पण असं रूप पाहिलं नव्हतं. तिला ते इतकं सुंदर वाटलं की ती काही क्षण खुणेचे खांब बघायचं विसरली. खरी चूक तीच.

मग तिला समोर बगळा दिसला. भर खाडीत, तिच्या हिशेबाने जिथे दहा फूट पाणी हवं तिथे, बगळा शांतपणे उभा होता. पोटऱ्यांपर्यंत.

तिने इंजिन मागे घातलं, पण तोवर बोट गवतावर चढली होती. आवाज नाही, धक्का नाही. गादीवर बसावं तशी 'युला मे' बसली. ओपलने तासभर इंजिन रडवलं, नांगर मागे टाकून ओढून पाहिलं. नऊच्या सुमाराला माथ्याला पोचलेलं पाणी तोवर उतरायला लागलं होतं आणि दुपारी तीनपर्यंत खाडी इतकी रिकामी झाली, की कालवांचे ढीग उघडे पडून चिळकांड्या उडवू लागले. बोट पाण्यापासून पंचवीस पावलं आत, गवताच्या मधोमध उभी होती, छपरावर चढलेल्या गाईसारखी. आणि उधाणाच्या अगदी माथ्यावर रुतण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. कारण उद्याची भरती आजच्यापेक्षा कमी, परवाची त्याहून कमी. तिसऱ्या दिवशी बोटीखालचं गवत कोरडं होतं.

जाणाऱ्या बोटी वेग कमी करत. रेडिओ बोलायचा, "युला मे, युला मे, ठीक आहात ना? काही हवंय?"

"ठीक आहे. पुढे व्हा," ओपल म्हणायची. मग खिडकीपासून दूर सरायची. तिला लाज वाटत होती. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला खिडकीतून बघू नये असं तिला वाटत होतं.

पाचव्या दिवशी सरकारी खात्याचा एक अधिकारी सपाट होडीतून आला. सभ्य माणूस होता, टोपी काढून बोलला. संरक्षित खाजण आहे, इथे चर खणता येणार नाही, काही टाकता येणार नाही. डिसेंबर संपायच्या आत बोट निघाली नाही तर ती टाकून दिलेली समजली जाईल, मग यंत्र आणून तिचे तुकडे करून न्यावे लागतील. "माझ्या हातात असतं तर बाई," तो म्हणाला, आणि खोलीच्या दारावर एक नारिंगी कागद चिकटवून गेला. त्या दुपारी मेकन शहरातून थोरल्या बहिणीचा फोन आला. "मागची खोली रिकामी आहे गं. खिडकी नाही, पण पंखा आहे."

सहाव्या दिवशी ओहोटीला दोन माणसं चिखलातून येताना दिसली. त्या चिखलात माणूस मांडीपर्यंत जातो, म्हणून त्यांनी दोन फळ्या आणल्या होत्या. एका फळीवर उभं राहायचं, दुसरी पुढे टाकायची, मग मागची उचलायची. पुढे एक उंच काळा गृहस्थ, सत्तरीचा, पांढऱ्या दाढीचा. मागे एक ठेंगणी गोरी बाई, हातात झाकलेलं पातेलं. खाडीत त्यांच्या दोन बोटी नांगरलेल्या होत्या. 'सेकंड शिफ्ट' ही त्याची, शिडाची 'लुसिओल' ही तिची. ओपलने दोन्ही बोटी वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या आणि दोघांनाही धक्क्यावर नकार दिला होता.

"नको, थँक्यू," ती वरूनच म्हणाली.

"अजून काही दिलंच नाही," गृहस्थ म्हणाला.

"वाटाण्याचं सूप आहे," बाई म्हणाली. "खायचं नसेल तर खाऊ नका. नुसतं धरा. पातेलं गरम आहे आणि माझे हात भाजतायत."

आता भाजणाऱ्या हातांना नको कसं म्हणणार? ओपलने वाकून पातेलं घेतलं. पातेलं घेतलं म्हणजे माणसंही वर घ्यावी लागली.

बाईचं नाव गिलेन. ती कॅनडातल्या क्युबेकची, दर वर्षी एकटी बोट घेऊन फ्लोरिडाला जायची. "नवऱ्याला बोट लागते," तिने सांगितलं. "तो विमानाने येतो आणि महिनाभर माझी वाट बघतो. संसार छान चाललाय." गृहस्थ टॉलिव्हर, बाल्टिमोरचा, चौतीस वर्षं टपालखात्यात. सूप संपेपर्यंत त्याने बोटीबद्दल एक अक्षर काढलं नाही. मग खिशातून भरतीचं कोष्टक काढलं, चष्मा लावला आणि खाली उतरून बोटीच्या अंगावरची चिखलाची रेघ दोनदा मोजली.

"चौदा डिसेंबर," तो वर येऊन म्हणाला. "सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. त्या दिवशीचं उधाण तुम्हाला जवळजवळ पोचतं."

"जवळजवळ म्हणजे?"

"तीन इंच कमी."

ओपलला हे ठाऊक होतं. कोष्टक तिच्याकडेही होतं आणि ती रेघ तिने दोनदा नाही, वीसदा मोजली होती. "तीन इंच पाणी आणणार आहात का कुठून?"

"पाणी वर आणता येत नाही," टॉलिव्हर म्हणाला. "बोट वर आणता येते. वजन काढायचं. डिझेल, गोडं पाणी, साखळदंड, बॅटऱ्या, ही चूल. आणि फळ्यांखाली काय आहे?"

फळ्यांखाली लोखंडाचे चौदा ठोकळे होते, एकेक तीस किलोचा. ते होते म्हणून बोट लाटेत स्थिर राही.

"काढून ठेवायचं कुठे?" ओपल म्हणाली. "खाजणात टाकायची बंदी आहे. आणि ते ठोकळे मला परत हवेत."

"दक्षिणेला पाठवायचं. रोज पाच-सात बोटी इथून खाली जातायत. सगळ्या नाताळच्या आधी पोर्ट लॉटनला थांबतात. एकेकाने थोडं थोडं न्यायचं. टपाल असंच जातं, मिस. एका माणसाने सगळं उचललं असतं तर अजून कुणाला पत्र पोचलं नसतं."

"म्हणजे माझं घर मी ज्यांचं नावही माहीत नाही अशांच्या हाती द्यायचं?"

"नाव माहीत आहे की," गिलेन म्हणाली. "प्रत्येक बोटीच्या ढुंगणावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं."

"बघते," ओपल म्हणाली. तिने पातेलं धुऊन परत दिलं.

ती दोघं फळ्या टाकत परत गेली, पण नांगर उचलून निघून गेली नाहीत. दुसऱ्या दिवशीही दोन्ही बोटी तिथेच. ओपलने चहा केला. बोट कलती होती, त्यामुळे कप टेबलावरून घसरत घसरत कडेला गेला, तो तिने रोजच्यासारखा झेलला. दारावरचा नारिंगी कागद वाऱ्याने फडफडत होता. बहिणीच्या खिडकी नसलेल्या खोलीचा विचार तिच्या मनात आला. मग ती गुडघ्यांवर बसली, फळी उचकटली, पहिला ठोकळा स्वतः ओढून काढला आणि रेडिओ उचलला. "सेकंड शिफ्ट, इथे युला मे. एक नेऊन दाखवा. बाकीचं मग बघू."

आणि मग जे सुरू झालं ते पाहून ती थक्क झाली. खरं सांगायचं तर आयुष्यात दुसरं काही पाहून ती इतकी थक्क झाली नव्हती.

टॉलिव्हर रोज सकाळी रेडिओवर सांगे, "युला मेचं सामान आहे, दक्षिणेला जाणाऱ्यांनी टाबी खाडीत थांबावं." आणि लोक थांबत. घाईतले थांबत, वाऱ्याची वाट बघत आलेले थांबत, ज्यांचे नातवंडांचे वाढदिवस चुकणार होते तेही थांबत. फळ्यांचा आता पक्का रस्ता झाला होता. त्याच्यावरून माणसं चिखलाने माखत येत आणि काखोटीला काहीतरी मारून जात. कुणी डिझेलचे डबे नेले, कुणी साखळदंडाचा तुकडा, कुणी बॅटरी. नवं लग्न झालेलं एक जोडपं चूल घेऊन गेलं आणि तिसऱ्या दिवशी साठ मैलांवरून रेडिओवर विचारत होतं, "युला मे, तुमच्या चुलीवर मक्याची भाकरी केली तर चालेल का? आमची चूल अगदीच भिकार आहे."

"खाली जास्त जळते," ओपलने कळवलं. "मधे फिरवा."

'जॉली टाईम'सुद्धा आली. तो म्हातारा फळ्यांवरून डुगडुगत चढला, आणि त्याला ओळखून ओपल दारातून एक पाऊल मागे सरली. त्याने एक नाही, दोन ठोकळे मागितले. दारात थांबून दम खाल्ला आणि विचारलं, "बगळा काय म्हणतो?"

"पोटऱ्यांपर्यंत येतंय म्हणतो," ओपल म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी जे बोलले त्याची लाज वाटते मला."

"वाटायलाच हवी," म्हातारा म्हणाला. "घरी बायको अजून मला त्यावरून चिडवते." आणि ठोकळे घेऊन गेला.

जाणारा प्रत्येक जण एक कार्ड ठेवून जाई. त्याच्यावर बोटीचं चित्र, बोटीचं नाव, खाली बारीक अक्षरात माणसांची नावं. या लोकांत ती पद्धतच आहे. पूर्वी कुणी कार्ड पुढे केलं की ओपल तेही नको म्हणायची. आता ती कार्डं ती रिकाम्या भिंतीवर खिळ्यांना लावत होती. "वजन वाढतंय," टॉलिव्हर चिडवायचा. ती दुर्लक्ष करायची. आईचं शिवणाचं मशीन तिने सगळ्यात शेवटी दिलं, गिलेनकडे. गिलेनने ते आपल्या बिछान्यावर ठेवलं, दोरीने बांधलं आणि स्वतः जमिनीवर झोपू लागली.

डिसेंबर उजाडला तशी वर्दळ आटली. रिकाम्या बोटीत ओपलचा आवाज घुमायचा. तिच्याजवळ एक कांबळं, एक पातेलं, कपड्यांचा एक जोड आणि भिंतभर कार्डं उरली. चोरांनीसुद्धा घर इतकं साफ केलं नसतं. दिवसा ती दारात बसून विचार करी, की आपलं एवढं घर या घडीला दीडशे मैल पाण्यावर पसरलंय, चूल एकीकडे, नांगर दुसरीकडे, कुणाच्या बिछान्याखाली लोखंड. आणि ज्यांनी नेलं त्यांच्यातल्या एकालाही आपण आजवर साधी दोरी धरू दिली नाही. मग ती उठून भिंतीवरची कार्डं पुन्हा एकदा वाचून काढायची.

चौदा तारखेची सकाळ धुक्यात उगवली. वाऱ्याचं नाव नाही. हेच भय होतं, कारण वारा असता तर त्याने दोन बोटं पाणी जास्त लोटलं असतं. सातच्या सुमाराला गवतात चुळचुळ असा आवाज सुरू झाला. पाणी येत होतं. ते लाट होऊन येत नाही, फेस घेऊन येत नाही. गवताच्या मुळातून, खेकड्यांच्या बिळांतून, चहूकडून एकदम वर येतं. बारके शंख गवताच्या काड्यांवर चढू लागले, पाणकोंबड्या धुक्यात कलकलाट करू लागल्या. सगळ्या खाजणाला पाण्याच्या आधी पाणी कळलं होतं.

गिलेन टॉलिव्हरच्या बोटीत होती, खाडीत, इंजिन चालू ठेवून. तिथून एक लांब दोर 'युला मे'च्या मागच्या खुंटाला आला होता. टॉलिव्हर फळीवर उभा होता, मांडीपर्यंत गार पाण्यात. त्याने चिखलात एक खूण केलेली काठी रोवली होती आणि तो दर पाच मिनिटांनी पाण्याची उंची मोठ्याने सांगत होता. ओपल सुकाणूपाशी उभी होती. साडेआठ. पावणेनऊ. नऊला बोट शहारली. बोटीची कलती जमीन हळूच सरळ झाली, पातेलं जागच्या जागी फिरलं.

"गिलेन, ओढ," टॉलिव्हरने हाक दिली. दोर ताठ झाला, त्याच्यातून पाणी पिळून निघालं. बोट हलली नाही. पुन्हा ओढलं. मागचा भाग वीतभर सरकला आणि अडला.

"नऊ सात," टॉलिव्हर म्हणाला. "तीन मिनिटं आहेत. मग दहा मिनिटं पाणी थबकेल, मग उतरेल. अर्धा इंच कमी पडतोय." तो ओपलकडे बघत होता. "बोटीत अजून काय आहे?"

"काही नाही. कांबळं फेकू का?"

"कांबळ्याने काय होतंय?" तो म्हणाला आणि तिच्याकडे बघतच राहिला.

मग तिला कळलं. बोटीत अजून एक वजन होतं, ऐंशी किलोचं, सुकाणू धरून उभं.

"मी उतरले तर बोट कोण सांभाळणार?" ती म्हणाली. "सुटली की ती वाटेल तशी फिरेल. कालवांच्या ढिगावर जाईल."

"पुढच्या दोरीने मी धरीन."

"तू."

"मी."

धुक्यात पाणकोंबड्या ओरडत होत्या. ओपलने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बारा वर्षांत ही गोष्ट तिने कुणासाठी केली नव्हती, आणि आता विचार करायला तीन मिनिटंसुद्धा उरली नव्हती. तिने पुढची दोरी खुंटातून ओढून घेतली, कठड्यावरून पाय टाकला आणि फळीवर उतरली. गार पाण्याने तिचा श्वास अडकला. दोरी तिने टॉलिव्हरच्या हातात दिली आणि तिचं टोक सोडायला तिला एक क्षण जास्त लागला.

"घट्ट आवळू नकोस," ती म्हणाली. "ती चालत असेल तेव्हा घट्ट आवळायचं नाही."

"माहीत आहे, मिस."

"ओपल," ती म्हणाली. "माझं नाव ओपल आहे."

"ओढ," टॉलिव्हरने गिलेनला सांगितलं.

बोट उचलली गेली. ओपल तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर उभी होती, म्हणून तिला ते बघता आलं. आत असती तर कधीच दिसलं नसतं. महिनाभर जमिनीला खिळलेलं घर, केवढं तरी लाकूड आणि लोखंड, पाण्याने आवाज न करता उचललं आणि ते तिच्यासमोरून मागे मागे जाऊ लागलं. दाबलेलं गवत खालून सुटून वर आलं. टॉलिव्हर फळ्यांवरून बोटीबरोबर चालत होता, दोरी सैल धरून, मधेच जरा ताणून, पुन्हा सैल करून. 'युला मे' कालवांच्या ढिगाला न शिवता, सरळ, रिकामी, खाडीत उतरली. ओपल कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून रडत होती आणि ते लपवायचं तिच्या ध्यानात आलं नाही.

टॉलिव्हरच्या उसन्या बॅटरीवर आणि डिझेलवर ती दोन दिवसांनी पोर्ट लॉटनला पोचली, ऊन कलताना. रिकामी बोट पाण्यावर टोपल्यासारखी हलकी झाली होती आणि बंदरात वारा होता. 'सेकंड शिफ्ट' आणि 'लुसिओल' आधीच लागल्या होत्या. धक्क्याच्या फळ्यांवर तिची चूल होती, साखळदंडाची वेटोळी होती, डिझेलचे डबे होते, शिवणाच्या मशीनवर कुणीतरी चादर घातली होती. ठोकळे ओळीने मांडलेले होते, तेरा. चौदावा चुकून बहामाला गेला होता, तो पुढे एप्रिलमध्ये आला. आणि त्या सामानामागे पस्तीस-चाळीस माणसं उभी होती. चूल नेणारं जोडपं, 'जॉली टाईम'वाला म्हातारा, भिंतीवरच्या कार्डांतली जवळजवळ सगळी.

पण धक्क्याच्या कडेला एकही जण पुढे आला नव्हता. त्यांना तिचा नियम ठाऊक होता. सगळेच्या सगळे, टॉलिव्हरसुद्धा, हात पाठीमागे बांधून उभे होते, म्हणजे चुकूनही कुणाचा हात पुढे होऊ नये.

ओपल धक्क्यापासून पन्नास हातांवर आली. इथेच ती दर वेळी ओरडायची. वारा बोटीला बाजूला लोटत होता. तिने एका हाताने सुकाणू धरलं, दुसऱ्या हाताने, त्या तीन धड बोटांच्या हाताने, दोरीचं भेंडोळं उचललं.

"हात मागे बांधून काय उभे आहात सगळे?" ती म्हणाली. "धरा की कुणीतरी."

आणि तिने दोरी फेकली.